सातव्यांदा जिना

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. काचेच्या पेटीत मानाने बसवलाय म्हणून मला सज्जन समजू नका. मी अनेक वर्षं एका बाईंचा सूड मागत होतो. तो कसा मिळाला, ते सांगतो.

माझी जोडणी एका लहानशा कारखान्यात झाली. भिंग बसवणाऱ्या कारागिराने मला कानाशी धरून माझी घरघर ऐकली आणि म्हटलं, "हा इमानी निघेल." तिथेच माझं नशीब फुटलं. इमानी यंत्राला नाही म्हणता येत नाही.

मला एका तरुण दिग्दर्शिकेने घेतलं; याच त्या बाई. झाडूवाले, हमाल, मोलकरणी, ज्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही, त्यांच्यावर तिला सिनेमे काढायचे होते. मीही भारावून गेलो. तिच्याबरोबर कोंदट खोल्यांतून हिंडलो. रोज काम संपलं की ती मऊ कापडाने माझं भिंग पुसायची. ते सुखाचे दिवस होते, खोटं कशाला बोलू?

मग तो जिना आला. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत लाँड्रीत इस्त्री करणारी एक ताई आणि तिची म्हातारी आई राहत. आईचे गुडघे पार गेलेले. ताई कामावर असताना बाईंनी आजींना ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन जिना चढायला लावलं.

"आजी, अजून एकदा. थकवा खरा दिसला पाहिजे."

असं सहा वेळा झालं. आजी बिचाऱ्या हसत म्हणाल्या, "चढते की. पण पोरी, सिनेमा मला दाखवशील ना?"

"सगळ्यात आधी तुम्हालाच."

सातव्या वेळी आजी मधल्याच पायरीवर मटकन बसल्या. गाठोडं गडगडत खाली गेलं. त्यांना श्वास घेता येईना. मला वाटलं, आता बाई धावतील. बाई मला चालवणाऱ्याला हळूच म्हणाल्या, "चालू ठेवा."

आणि मी चालू राहिलो.

त्या एका तुकड्याने बाईंचं नाव झालं. लोक त्याला करुणेचा कळस म्हणाले. पुढे नवा कॅमेरा आला आणि मी कपाटात गेलो. भिंगावर बुरशी चढली, पट्टा कुजला. अंधारात मला एकच उद्योग होता: आजींचा तो चेहरा आठवायचा आणि बाईंना शाप द्यायचे.

बाई साठी ओलांडून गेल्या, तेव्हा एका सभागृहात त्यांच्या सगळ्या सिनेमांचा महोत्सव भरला. मला पुसूनबिसून व्यासपीठावर बाईंच्या खुर्चीशेजारी ठेवलं. त्या सभागृहाचे पडदे ताईच्या लाँड्रीत धुवायला जात. ते पोचवायला ती आली आणि दारावरच्या भल्यामोठ्या चित्रात तिला स्वतःची आई दिसली. ती तशीच आत येऊन बसली.

सिनेमा संपला. प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा ती उभी राहिली.

"जिन्यावर बसली ती माझी आई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर ताई पुढे बोलली.

"त्यानंतर दीड वर्ष ती अंथरुणावर होती. दार वाजलं की विचारायची, सिनेमावाली आली का? शेवटपर्यंत विचारत होती."

बाईंचा चेहरा उतरला. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

"खाली येऊन सांगा."

बाई काठी टेकत व्यासपीठाच्या पाच पायऱ्या उतरल्या, ताईसमोर आल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या.

"अजून एकदा," ताई म्हणाली. "वरून या."

संयोजक मध्ये पडायला धावले. बाईंनी हातानेच त्यांना अडवलं. त्या वर गेल्या, खाली आल्या. मग पुन्हा. मित्रांनो, मी मनात मोजत होतो आणि माझं काळीज निवत होतं. चौथ्या खेपेला त्यांचा गुडघा दुमडला आणि त्या पायरीवर बसल्या. प्रेक्षकांनी मोबाईल वर धरले.

"ते खाली ठेवा," ताई ओरडली. मग बाईंकडे वळून म्हणाली, "तो जिन्याचा तुकडा कापून मला द्या. पुन्हा कुणाला दिसायला नको."

"तो काढला तर माझ्या सिनेमात राहतं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

बाईंनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. शेवटी बाई म्हणाल्या, "न्या."

मला सातही खेपा हव्या होत्या. ताईला नको होत्या. तिने बाईंना हाताला धरून उठवलं, खुर्चीत बसवलं आणि निघून गेली. माफ मात्र केलं नाही. मी आता त्याच सभागृहात काचेच्या पेटीत असतो; तिथे तो सिनेमा लागला की मध्येच गचका बसतो. लोक कुरकुरतात. मला तो गचका ऐकायला फार आवडतो.

मित्रांनो, मला पापणी नाही. जे समोर येईल ते मला बघतच राहावं लागतं. तुम्हाला पापणी आहे, हातही आहेत. कुणी पायरीवर बसलेलं दिसलं, तर आधी त्याचं गाठोडं उचला.