एकतिसाव्या ठरावातली खाडाखोड

‘ठराव एकतिसावा. गावाच्या वेशीवर पक्की कमान बांधावी व विकास ब्लॉककडून मिळणारे बारा पोती सिमेंट त्याच कामी लावावे, असे सभेत सर्वानुमते ठरले.’

सभा अजून व्हायची होती.

कृष्णकांत मास्तरांची ही रीतच होती. शाळा सुटली की ते ग्रामपंचायतीचे चिटणीस होत. सभेच्या आदल्या दिवशी सरपंच महादेवरावांकडे चहा घ्यायचा, उद्या काय ठरणार ते ऐकायचं, आणि घरी येऊन टाकाने सुवाच्य अक्षरात ते ठरवून टाकायचं. पंच येऊन सह्या तेवढ्या करत. म्हणून त्रेपन्न सालापासून चार वर्षांत त्या वहीत एकही खोड नव्हती. तपासणीच्या साहेबांनी एकदा ती वही उंच धरून आसपासच्या सगळ्या चिटणिसांना दाखवली होती. मास्तर त्या दिवशी सायकल हातात धरून, चालत घरी आले होते. चढायचं सुचलं नव्हतं.

सभा झाली. पाच सह्या झाल्या. सहावी जागा कोरी.

(ती नेहमी शेवटीच भरे.)

सहावी पंच शकुबाई. बाईमाणूस चावडीवर पुरुषांत बसत नाही, म्हणून वही तिच्या ओसरीवर जायची, शाईची डबी घेऊन. शकुबाई हात पदराला पुसून अंगठा पुढे करायची. काय लिहिलंय हे तिने कधी विचारलं नव्हतं, मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं.

या वेळी हात पदराखालीच राहिला.

“काय लिवलं जी, मास्तर?”

“नेहमीचंच.”

“मंग वाचा ना नेहमीचं.”

मास्तरांनी वाचलं. ओसरीवर तिची सून कमला बसली होती, डावा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला. पंधरा दिवसांपूर्वी ती गावविहिरीवर घसरली होती. विहिरीचा कठडा पूर्वेकडून ढासळलेला. धुण्याचं पाणी तिथेच साचे, शेवाळ धरे, आणि झिरपून पुन्हा विहिरीत जाई. तेच पाणी गाव पीत असे. कमला बाहेरच्या अंगाला पडली म्हणून हातावर निभावलं. आतल्या अंगाला पडली असती तर

हे वाक्य गावात कोणी पुरं करत नसे.

“कमान कायले पायजे?” शकुबाई म्हणाली.

“सोमवारी तपासणीचे साहेब येणार. गावाचं नाव दिसायला नको?”

“नाव नाई दिसलं तं गाव सापडत नाई का त्याइले? विहिरीले लावा शिमिट. कठडा बांधा, खाली फरशी करा, नाली काढा. मंग देतो अंगठा.”

“शकुबाई, सगळ्या पंचांच्या सह्या नसतील तर सिमेंट मिळतच नाही. केळझरला जाईल ते.”

“जाऊ द्या. तिथल्या बाया तरी पडनार नाई.”

मास्तर वही घेऊन सरपंचांकडे गेले. महादेवराव सुपारी कातरत होते.

“काऊन अडून बसली ते? सांगा तिले, पुढच्या वर्षी विहीर.”

“सांगितलं.”

“मंग?”

“म्हणते, पुढच्या वर्षी कमान.”

महादेवराव मनापासून हसले. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, “मास्तर, तुमाले अंगठा नाई का? शाई लावा अन् टेकवा. कोन पाह्यते!”

खरंच कोणी पाहत नव्हतं. मास्तरांनी घरी येऊन डबी उघडली. अंगठा टेकवला असता तर वही बिनखोडीची राहत होती, सिमेंट येत होतं, सरपंच खूश होत होते. त्यांनी डबी बंद केली. उद्या आणखी एकदा विचारू, असं स्वतःला सांगितलं. यात धैर्य वगैरे काही नव्हतं.

सकाळी शकुबाई घरी नव्हती. सुनेचा हात मोडल्यापासून पाणी तीच भरत होती. मास्तर वही बगलेत मारून विहिरीवर गेले.

आठ-दहा बाया. आणि त्यांच्यात, डोक्यावर चुंबळ नि हातात पाण्याचा पितळी गुंड घेऊन, सरपंचीणबाई. विमलाबाई.

“तुम्ही इथे? तुमच्या वाडीत तर विहीर आहे.”

“आहे ना. आठ दिवस झाले आटून.”

“महादेवराव काही बोलले नाहीत.”

“त्याइले काय मालूम? गुंड भरेल दिसला का झालं. पानी कुठून येऊन राह्यलं, कोन इचारते?”

बाया हसल्या. एक म्हणाली, “मास्तर, वही ठेवा अन् एक बादली काढून दाखवा. लई ठराव करता ना पान्याचे!”

मास्तरांनी आयुष्यात पाणी ओढलं नव्हतं. घरी पत्नी प्रमोदिनीबाई ओढत. वही न ठेवताच त्यांनी एका हाताने दोर धरला आणि पुढे पाय टाकला. पूर्वेकडेच. पाय गेला. समोर काही नव्हतं, खाली काळं पाणी होतं. विमलाबाईंनी सदऱ्याची कॉलर धरून मागे ओढलं तेव्हा वही अजून बगलेतच होती.

कोणी हसलं नाही.

मास्तर धुण्याच्या दगडावर बसले. खिशातला टाक काढला, दौत काढली. ‘वेशीवर पक्की कमान’ या शब्दांवर एक आडवी रेघ मारली. ती सरळही आली नाही. वर लिहिलं, ‘गावविहिरीस कठडा, फरशी व नाली’.

शकुबाईने अंगठा दिला. एक खाली, एक खोडीशेजारी.

“बाकीचे पाच?” मास्तर म्हणाले.

“आमच्या घरापासून धरा,” विमलाबाईंनी गुंड डोक्यावर घेतला. “चला, मी हाओ ना संग.”

महादेवरावांसमोर विमलाबाईंनी गुंड उतरवला आणि तो कुठून भरला ते सांगितलं. महादेवरावांनी हातातल्या पाण्याच्या गडव्याकडे पाहिलं. अर्धा पिऊन झाला होता.

“किती दिवसांपासून?”

“आठ.”

त्यांनी गडवा खाली ठेवला. मग खोडीशेजारी सही केली. उरलेल्या चौघांनी सरपंचांची सही पाहून आपापली केली. त्यांनी ठराव वाचला की नाही, सांगता येत नाही.

सोमवारी वेशीवर बांबूची कमान होती, आंब्याच्या पानांची. साहेब तिच्याखालून वर न पाहता आले. वही चाळता चाळता थांबले.

“मास्तर, तुमच्या वहीत खोड? हे काय झालं?”

“सभा झाली, साहेब,” मास्तर म्हणाले.