ब्रोना हात वर करत नाही
पोरांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या फिन्टनने टोपी काढून मांडीवर ठेवली. समोर वर्गशिक्षिका मिस टिअर्नींनी वही उघडली आणि लगेच मिटली.

"तुमची ब्रोना हुशार आहे हो. पण इस्टरपासून वर्गात हातच वर करत नाही. उत्तर येत असतं, डोळ्यांत दिसतं तिच्या. घरी काही झालंय का?"

"घरी काय होणार? लाडावलीय जरा. बघतो मी."

तणतणतच तो गाडीत बसला. दहा वर्षांची ब्रोना पाठीच्या कण्यात फट घेऊनच जन्मली होती. ही पायांवर उभी राहणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. फिन्टनने तिला कुबड्यांवर चालवून दाखवलं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला ती बाकांमधल्या वाटेने टकटक करत पुढे जायची, तेव्हा बाकांवरच्या माना वळायच्या आणि फिन्टनची छाती फुगायची. दोन वर्षांपूर्वी गॅलवेच्या इस्पितळातून चाकांची खुर्ची आली. "लांब जाताना हिच्यात बसवा. खांदे जपा तिचे, पुढे खुर्चीलाही तेच लागणार आहेत," असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. त्याने खुर्ची जळणाच्या शेडमध्ये नेऊन टाकली. एकदा बसली की पोर कायमची बसली, हे त्याचं म्हणणं, आणि घरात त्याच्यापुढे कुणाचं चालत नसे.

घरी ब्रोना टेबलाशी बसून बटाटे खात होती.

"वर्गात हात वर का करत नाहीस गं?"

"उत्तर येत नाही."

"थापा नको मारूस. कर बघू आत्ता."

तिने कोपर टेबलाला टेकवून पंजा वर केला.

"असा नाही. नीट."

हात खांद्याइतका आला आणि थांबला. तिने खालचा ओठ दातांत धरला, मान वाकडी केली, आणि हात खाली पडला. दुसरा तिने उचललाच नाही.

शेगडीपाशी पाठमोरी उभी असलेली त्याची बायको ऊना वळली नाही.

"चार महिने झाले, वेणी मीच घालतेय तिची. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय तिने."

"माझ्यापासून लपवलंस? का गं, ब्रोना?"

"तू मिस्साला हसतोस ना," ब्रोना ताटलीकडे बघत म्हणाली, "तसा मग हसला नसतास."

फिन्टनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो शेडमध्ये गेला. खुर्चीवरचं जळण उतरवलं, धूळ झटकली, चाकांत हवा भरली आणि खुर्ची अंगणात आणून ठेवली. ब्रोना बसली. खुर्ची तिला आता जरा आखूड पडत होती.

"जा, राणी. कुठंही जा. आता कुणाची गरज नाही तुला."

तिने दोन्ही चाकांवर हात ठेवले आणि जोर लावला. चाकं अर्धा फेरा फिरली. तिने पुन्हा जोर लावला. फाटक पंधरा पावलांवर होतं. मग तिने हात अलगद मांडीवर घेतले.

"डॅडी, ढकलशील?"

तो मागे गेला. खुर्चीच्या मुठींवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.