न मागितलेली सवलत

विद्यापीठाला परदेशी माणूस नोकरीवर घ्यायचा असेल, तर त्याच्या व्हिसाची हमी विद्यापीठानेच द्यावी लागते. ती हमी कागदावर उतरवणं हे माझं काम. या माणसाला अमुक काम, पूर्ण वेळ, ठरलेल्या पगारावर देऊ, असं आम्ही सरकारला लिहून देतो. त्यातलं काही बदलायचं झालं तर आधी मला विचारायचं असतं, पण प्राध्यापक मंडळी मला सोडून साऱ्या जगाला विचारतात. चुकून विचारलंच तर मी ‘थांबा’ म्हणते, म्हणून माझं नाव त्यांनी थांबाबाई ठेवलंय. ठेवोत बापडे.

त्या सकाळी मी बियाणे विभागातल्या एका बाईंच्या मुदतवाढीचं काम काढून बसले होते. या बाई लांबच्या देशातून आलेल्या. जुनं बियाणं अजून उगवतं का, हे तपासण्यात त्यांचा हातखंडा. शीतगृहातून दाणे काढायचे, काचेच्या ताटल्यांत ओल्या कागदावर मांडायचे आणि कोंब फुटतोय का ते रोज बघायचं. त्यांचा नवरा आणि तान्ही मुलगी, दोघंही त्यांच्याच व्हिसाच्या आधारावर इथे राहत होती. मुदत वाढली नाही, तर तिघांनाही गाशा गुंडाळावा लागणार होता.

पगाराचे कागद पाहिले आणि आकडे पुन्हा एकदा तपासले. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून बाईंचा पगार निम्म्यावर आला होता. विभागात फोन केला, तेव्हा कळलं की सरांनीच त्यांना दिवसाआड यायला सांगितलंय.

सर म्हणजे विभागप्रमुख; परदेशी माणसांच्या व्हिसासाठी विभागाकडून लागणारी शिफारशीची सही त्यांचीच. माणूस सोन्यासारखा, हे मीसुद्धा कबूल करते. कुणाचं घर हलवायचं असो की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, सर स्वतःची गाडी घेऊन हजर. पण समोरचा नको नको म्हणत असताना त्याच्या ताटात आणखी एक वाढणारी माणसं असतात ना, त्यातले ते. अशा माणसांवर धड चिडताही येत नाही. मला मात्र त्या दिवशी चिडता आलं. फोन आपटला आणि तरातरा बियाणे विभाग गाठला.

बाहेरच्या व्हरांड्यात बाईंचा नवरा मुलीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. आत बाई ताटल्यांवरची बुरशी पुसून काढत होत्या. त्या येत नाहीत त्या दिवशी विद्यार्थी कागदावर भसाभसा पाणी ओततात आणि दाणे कुजतात, असं मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं. घरी बसवत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशीही मुलीला फिरवायच्या निमित्ताने त्या इकडे येतात आणि खिडकीतून ताटल्या बघून परत जातात. हे सांगताना त्यांनी मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना घेऊन सरांच्या खोलीत गेले.

सरांना आधी काही उलगडाच होईना. लेकरू लहान आहे, आईला जरा उसंत मिळावी म्हणून केलं, कामाच्या मानाने पगार कमी केला, म्हणजे हिशेबही चोख, यात सरकारचं काय जातं, असं ते अगदी मनापासून विचारत होते. मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. काम कमी करून बाईंनी मागितलं असेल, तर अट त्यांनी मोडली, व्हिसा गेला. विभागाने आपणहून कमी केलं असेल, तर चूक विद्यापीठाची. मग राहिलेला पगार भरून द्यायचा, सरकारला तसं कळवायचं, आणि विभागप्रमुखाला पुढची काही वर्षं कुठल्याही परदेशी माणसाची शिफारस करता येणार नाही. देशोदेशीची माणसं गोळा करून उभा केलेला विभाग हीच सरांची आयुष्यभराची कमाई. त्यांचा चेहरा उतरला.

ते बाईंकडे वळले. खोटं बोलत नव्हते ते, त्यांना खरंच तसं आठवत होतं.

“अगं, तूच म्हणाली होतीस ना, झेपत नाही म्हणून?”

“हो, सर,” बाई म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज मी खालीच ठेवला. “बाई, तुम्ही हो म्हणालात तर मला तसंच लिहावं लागेल. ते लिहिलं की तुमचं इथलं संपलं. नीट आठवून परत सांगा.”

बाहेर मुलगी कुरकुरायला लागली होती. बाईंनी दाराकडे पाहिलं.

“रात्री झोप होत नाही, एवढंच मी म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “तेही तुम्ही विचारलंत म्हणून. काम कमी करा असं मी म्हटलं नव्हतं. मी नको म्हणाले होते, सर. दोनदा म्हणाले.”

“मला वाटलं, भिडेपोटी म्हणतेयस. मग ठणकावून सांगायचं नाही का?”

“माझं, नवऱ्याचं, मुलीचं, सगळ्यांचं इथलं राहणं तुमच्या एका सहीवर आहे. तुम्हाला ठणकावून कशी सांगू?”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मला म्हणाले, “लिहा. निर्णय माझा होता, तिची इच्छा नव्हती.” मी लिहिलं आणि त्यांनी न वाचताच सही केली. त्या कागदावर बाईंना पुढे मुदतवाढ मिळाली, आणि सरांच्या शिफारशी बंद झाल्या त्याही त्याच कागदाने. त्या घटकेला मात्र बाई फक्त एवढंच विचारून गेल्या, की उद्यापासून रोज येऊ ना. बाहेर त्या नवऱ्याला दुधाच्या वेळा समजावून सांगत होत्या आणि तो हसत होता.

मी निघाले, तसं सरांनी मला थांबवलं.

“माझ्या सहीवर इथे राहणारे विभागात आणखी किती जण आहेत?”

“चौघे,” मी म्हणाले.

“त्यांना विचारायला हवं. कुणावर मी असं काही लादलंय का, ते.” बोलता बोलता ते खुर्चीतून उठले, दोन पावलं दाराकडे गेले आणि तिथेच थबकले.

“पण विचारणारा मीच,” ते म्हणाले. “मग ते मला आवडेल तेच सांगणार.”