चक्क्याच्या पंच्याला हॉपचा वास

मी एक जुना सुती पंचा आहे. अमेरिकेतल्या हर्नडन गावी एका गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, गेल्या महिन्यात मी कचऱ्यात जायचाच होतो. पण आधी माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म सोलापूरच्या मागावर झाला. शरयूताईंच्या बॅगेतून मी अमेरिकेत आलो आणि तीस वर्षं एकच काम केलं. पाडवा आला की त्या माझ्यात दही ओतायच्या आणि मला नळाला टांगायच्या. पाणी निथळलं की चक्का तयार. पाहुणे श्रीखंडाचं कौतुक करायचे. माझं नाव कोणी घेत नसे, पण माझी तक्रार नव्हती.

मग त्यांचे यजमान राजाराम रिटायर झाले आणि गॅरेजमध्ये एल नावाची बिअर करू लागले. तिच्यात हॉप घालतात. हॉप म्हणजे एका वेलीची हिरवी बोंडं. ती उकळली की एलला कडूपणा देतात. एल आंबल्यावर न उकळता घातली, तर छान वास देतात. ती बांधायला त्यांनी मला उचललं.

"अहो, माझ्या चक्क्याच्या पंच्यात दारू गाळताय?"

"गाळत नाही गं, वास देतोय. इथली जुनी रीत आहे ही. दीडशे वर्षांपूर्वी पिंपात असेच हॉप टाकायचे. मग दारूबंदी आली, कारखाने बंद पडले. नंतर सगळी पाणचट बिअर. पन्नासेक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या लोकांनी ही रीत पुन्हा आणली. आता गावोगावी करतात."

"झाला इतिहास? पंचा धुवून ठेवा."

त्यांनी मला धुतलं, पण वास गेला नाही. पाडव्याला चक्का पुन्हा माझ्यातच बांधला. श्रीखंडाचा पहिला घास शेजारच्या विवेकनं घेतला.

"काकू, यात ग्रेपफ्रूट घातलंय का?"

शरयूताईंनी चव घेतली आणि यजमानांकडे पाहिलं. "हे श्रीखंड तुमचं. मोठी वाटी घ्या."

राजारामांनी तोंड वाकडं करत दोन वाट्या संपवल्या. सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी माझी बदली गॅरेजमध्ये झाली. तिथे हॉप राजाराम भरायचे आणि गाठ शरयूताई मारायच्या. पुढची आठ वर्षं फार मजेत गेली.

दोन वर्षांपूर्वी शरयूताई गेल्या. राजारामांनी एल करणं सोडलं. मी धूळ खात कडक झालो.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी सावनी टेक्सासमधल्या प्लेनोहून आवराआवर करायला आली.

"बाबा, ही चिंधी टाकते हं. स्मेल येतोय."

राजारामांनी मला तिच्या हातून घेतलं आणि नाकाशी धरलं. 

"टाकू नकोस. काम आहे त्याचं."

त्याच दुपारी त्यांनी एलसाठी जवाचं पाणी उकळायला ठेवलं. दोन आठवड्यांत एल आंबली. मग मला उकळून माझ्यात हॉप भरले. गाठ सावनीनं मारली.

"अगं, सैल बांध. हॉप फुगतात."

"आई कशी बांधायची?"

"घट्ट. चक्का बांधतात तशी. आठ वर्षं सांगितलं, ऐकलं नाही. एल चांगली व्हायची, मग मीही गप्प बसलो."

सावनी हसली. तिनं गाठ आणखी आवळली.  राजारामांनी पिंपाचं झाकण उघडून धरलं आणि मी आत उतरलो.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी घरातल्यांना एकदा विचारा. आणि आमच्यासारख्यांना वापरल्यावर लगेच गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. आम्ही पुष्कळ टिकतो.