आधी हे वाचा

तोंड उघडायचं नाही, असं संघमित्राने ठरवलं होतं. बोलली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण नाही म्हणजे नाही! बस म्हणावं आता बोंबलत.

बोंबलत होते ते चंद्रशेखर सर, तिच्या कंपनीतले टीम लीडर. उरणजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात, प्रोग्रॅमच्या चाचणीसाठी, ते कॉम्प्युटरसमोर घाम पुसत बसले होते आणि स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळी भराभर उमटत होत्या.

प्रोग्रॅम संघमित्राचा. खांदेश्वरच्या भाड्याच्या खोलीत सात महिने रविवार मोडून तिने तो लिहिला होता. यार्डात आलेल्या कंटेनरचा फोटो काढायचा. प्रोग्रॅम त्यावरचा नंबर वाचून तो कंटेनर कुठे, कोणत्या कंटेनरखाली ठेवलाय ते सांगणार. आणि ज्याने हा प्रोग्रॅम लिहिला, त्यालाच यार्ड दोन वर्षांसाठी या कामाचा प्रमुख म्हणून नेमणार होतं. हे कळलं मात्र, सरांना अचानक आठवलं की प्रोग्रॅम आपणच लिहिलाय! एका दुपारी बसून त्यांनी प्रत्येक फाइलमधून तिचं नाव खरवडून काढलं. ‘आधी हे वाचा’ नावाची एक फाइल होती. तिच्या पहिल्याच ओळीत संघमित्राचं नाव. ती तर सरांनी न वाचताच उडवली.

वाचली असती तर कळलं असतं. फोटोतली अक्षरं ओळखायचं काम एक बाहेरची लायब्ररी, म्हणजे कोडचा संच, करते. ती दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली, प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये नसते. मशीनवर आधी वेगळी बसवावी लागते, तेव्हा कुठे प्रोग्रॅम कंपाइल होतो, म्हणजे कोडमधून चालण्याजोगा बनतो. कंपनीतल्या मशीनवर संघमित्राने ती कधीच बसवून ठेवली होती, म्हणून तिथे सरांचं सगळं बिनबोभाट चाललं. यार्डाचं मशीन कोरं. बाहेरचं इंटरनेट नाही, तयार प्रोग्रॅमला प्रवेश नाही. कोड आणा, इथेच कंपाइल करा, असा त्यांचा नियम. हे सगळं माहीत असूनच संघमित्रा आली होती. लायब्ररीचा पेनड्राइव्ह गेटवर तपासून घेऊन, स्वतःच्या नावाने नोंदवून, तिने पर्समध्ये टाकला होता.

“संघमित्रा, हे काय दाखवतंय गं?” सरांनी हळूच विचारलं.

“मला काय माहीत सर? प्रोग्रॅम तुमचा ना?” तिने अगदी साळसूदपणे उत्तर दिलं. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

यार्डाच्या कॉम्प्युटर विभागाच्या जागृती म्हात्रे मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. बाई इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. वैतागल्या की त्यांची घरची बोली बाहेर पडायची.

“सर, प्रोग्रॅम तुमीच लिवलाय ना? मंग तुमाला कलत कसा नाय?”

सरांचा चेहरा उतरला. अर्धा तास झटापट करून त्यांना एवढंच उमगलं होतं की काहीतरी बसवायचं राहिलंय. ते खुर्चीत वळले आणि त्यांनी सरळ संघमित्राकडे बोट केलं.

“मॅडम, खरं सांगतो, घोळ या मुलीचा आहे. कुठलीतरी लायब्ररी लागते, त्याची साधी सूचनासुद्धा दिली नाही हिने!”

संघमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूचना दिली नाही? स्वतःच्या हाताने उडवलीस की मेल्या! ती ओरडणारच होती, तेवढ्यात मॅडमनी एक छापील कागद सरांपुढे सरकवला. या यार्डात कंटेनर घसरो नाहीतर चाचणी फसो, कारण आणि जबाबदार माणसाचं नाव लिहून सही दिल्याशिवाय कुणाला बाहेर जायचा पास मिळत नाही.

सरांनी पेन उघडलं. संघमित्राने तो कागद पाहिला आणि तिचा राग एकदम थंड झाला.

“सर, चुकलंच माझं,” ती खाली मान घालून म्हणाली. “पण नुसतं माझं नाव लिहून कसं चालेल? हिचा काय संबंध, असं विचारतील ना. नीट लिहा.”

पोरगी नमली, सरांना हुरूप आला. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: ‘सदर प्रोग्रॅम संघमित्रा वाठोरे हिने एकटीने लिहिला असून, आवश्यक लायब्ररीची सूचना न दिल्याबद्दल तीच पूर्णपणे जबाबदार आहे.’ त्यातलं ‘एकटीने’ त्यांनी आपल्या मनाने घातलं, म्हणजे स्वतःच्या अंगावर शिंतोडाही नको. खाली झोकदार सही केली, तारीख टाकली. मॅडमनी शिक्का मारला.

“सर, जरा उठता?”

संघमित्रा खुर्चीत बसली. तिने पेनड्राइव्ह लावला, लायब्ररी बसवली, प्रोग्रॅम कंपाइल केला. एकही लाल ओळ आली नाही. मॅडमनी एका कंटेनरचा फोटो दिला. त्याचा नंबर आणि जागा लगेच स्क्रीनवर आली.

मॅडमनी स्क्रीन पाहिली, मग कागद पुन्हा वाचला.

“एकटीनं लिवलाय म्हणता. मंग प्रमुख म्हणून नाव हिचाच जाईल.”

सरांनी घाईने हात पुढे केला. “मॅडम, तो कागद जरा इकडे द्या. एक शब्द चुकलाय.”

“शिक्का बसल्यावर कागद मागं मिलत नाय.”

“संघमित्रा, तू तरी सांग ना गं यांना! आपण एका टीममधले…”

“मी काय सांगू सर?” ती म्हणाली. “सगळं तुम्हीच तर लिहून दिलंत.”

तिला सरांची दया यायला हवी होती, पण आली नाही, आणि त्याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.