अठरावं मिनिट

लॅपटॉप बंद पडला तेव्हा मी पलंगाशी बसून बायकोला, मनकर्णेला, पेज भरवत होतो. आतल्या खोलीतून अश्विनीचा आवाज येत होता, "हो सर, ती फाईल मी आत्ताच..." आणि पुढं काहीच नाही. मी घड्याळाकडं पाहिलं. मिटिंग सुरू होऊन अठरा मिनिटं झाली होती. तेवढ्यात चमच्यातली पेज मनकर्णेच्या गळ्यावर सांडली.

आठवडाभर हेच चाललं होतं. आधी कसली सूचना नाही, इशारा नाही. चालता चालता पडदा काळा. थोड्या वेळानं चालू केला की पुन्हा गुणी बाळासारखा चालतो आणि अठरा-वीस मिनिटांत पुन्हा मान टाकतो.

अश्विनी आमची एकुलती एक. पुण्याच्या एका विमा कंपनीत नोकरीला, पण वर्षभर देवळाली प्रवरात राहून घरूनच काम करते, ते आईसाठी. झटका आल्यापासून मनकर्णेचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा हलतो. त्या हाताच्या खुणा अश्विनीला झटकन कळतात. मी चौतीस वर्षं एसटी चालवली, पुढच्या सायकलवाल्याच्या खांद्यावरून तो कुठं वळणार ते ओळखायचो, पण बायकोची एक खूण मला कळत नाही. मी पाणी देतो, तिला पंखा हवा असतो. मग मी चिडतो. तेवढं मला चांगलं जमतं.

अश्विनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आबा, तीन वाजता पुन्हा मिटिंग आहे. साहेब म्हणाले, आज परत बंद पडला तर सोमवारपासून पुण्याला येऊन बसायचं. त्यांना वाटतंय, मीच मुद्दाम बंद करते."

"आन् तू ग्येल्यावर हिचं कोन बगनार?"

तिनं आईच्या गळ्यावरची पेज पुसली. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं, आईच्या औषधांवरच माझी अर्धी पेन्शन जाते. म्हणजे ती जाणार होती. मला भीती वाटली. एखाद्या दुपारी मनकर्णेला काही व्हायला लागेल, ती हात हलवून सांगत राहील आणि मी पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभा असेन. आठवडाभर हेच चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

अश्विनीनं करायचं ते सगळं केलं होतं. चार्जर बदलला, दुसऱ्या खोलीतला प्लग वापरला, इन्व्हर्टरवर चालवून पाहिला. मी वायरमनला शिव्या घातल्या. शेवटी तिनं श्रीरामपूरला स्टँडमागं दुरुस्तीचं दुकान असलेल्या जैनुद्दीनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"ताई, खालून हात लावून बगा. तापलाय का?"

"भाजतोय."

"पंक्याचा आवाज येतोय?"

तिनं कान लावला. "नाही. आधी दोन दिवस खर्रखर्र करायचा. आता एकदम गप्प आहे."

"मग पंका अडाकलाय. लई तापला की आतलं जळू नये म्हनून तो आपोआप बंद व्हतो. पोटाला जाळी हाय ना, तिथनं कायतरी आत ग्येलंय. काय सांडलं हुतं का?"

"छे. मी त्याच्याजवळ पाण्याचा ग्लाससुद्धा ठेवत नाही."

जाळीचं नाव निघालं आणि मला आठ दिवसांपूर्वीची पूजा आठवली.

खंडेनवमीला अश्विनीनं लॅपटॉपला कुंकवाचं एक बोट लावलं, वर झेंडूचं एक फूल ठेवलं आणि आईला आंघोळ घालायची तयारी करायला आत गेली. मला ती पूजा फार तुटपुंजी वाटली. डेपोत आम्ही गाडी धुऊन, हार घालून चाकांची पूजा करायचो, स्टिअरिंगची करायचो, आणि सगळ्यात आधी पुढच्या जाळीची. इंजिन तिथूनच श्वास घेतं. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला एका बोटावर कसं भागवायचं? मी लॅपटॉप उचलून उलटा केला. पोटाला बारीक फटींची जाळी होती. मला आनंदच झाला. अख्खे तांदूळ सापडेनात, म्हणून पेजेच्या डब्यातली कणी घेतली, कुंकवात घोळली आणि मूठभर त्या जाळीवर टाकली. मग पंचानं पुसून लॅपटॉप होता तसा ठेवला, वर फूलही ठेवलं. पलंगावरून मनकर्णा बघत होती.

एकदा जामखेडच्या अलीकडं माझी गाडी अशीच तापून बंद पडली होती. जाळीत कडब्याचा भुसा भरला होता आणि मी तो काडीनं उकरून काढला होता. तापलेली गाडी का थांबते हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरी आठ दिवस मी वायरमनला शिव्या देत बसलो.

"घिऊन या," जैनुद्दीन म्हणाला. "उगडून बगतो."

दीड वाजला होता. आईला सोडून अश्विनीला निघता येत नव्हतं.

"मी नेतो," मी म्हणालो. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली आणि मी स्कूटरची किल्ली उचलली. ती लॅपटॉप पिशवीत भरायला आत गेली.

तेवढ्यात मनकर्णेचा डावा हात उठला. अंगठा आणि दोन बोटं जुळवली, उघडली. पुन्हा जुळवली, पुन्हा उघडली. आठ दिवस तिचं हेच चाललं होतं.

"मीठ न्हाई मिळायचं," मी खेकसलो. "डाक्टरनं बंद केलंय. कितींदा सांगू तुला?"

तिनं हात खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडं केलं.

स्कूटरवर पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये धरली होती. प्रवरेच्या पुलावर एक घाणेरडा विचार मनात आला. पिशवी निसटली म्हणून सांगितलं तर? मग जाळीत काय होतं ते कोणाला कधीच कळणार नाही. मी कठड्याकडं बघितलंसुद्धा. मग स्वतःचीच इतकी भीती वाटली की श्रीरामपूर येईपर्यंत मी पिशवी गुडघ्यांत आवळून धरली.

जैनुद्दीननं स्क्रू काढले, पाठीचं झाकण उचललं आणि चिमट्यानं एकेक कण बाहेर काढून कागदावर ठेवला. सात-आठ निघाले. अजून लाल होते. त्यानं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काका, कुंकू हाय हे."

"अश्विनीला नगं सांगू. कचरा हुता म्हन."

त्यानं कागदाची पुडी बांधून माझ्या हातात दिली. "मी आपनहून कायबी बोलत न्हाई. पन इचारलं तर खोटं बी सांगत न्हाई." मग त्यानं पंखा फिरवून पाहिला. "एक पातं तुटलंय. चालंल आसं वाटतंय. खात्री न्हाई देत. नवा पंका मागवाया लागंल."

घरी पोचलो तेव्हा तीनला आठ मिनिटं होती. अश्विनीनं लॅपटॉप घेतला, दार लोटलं. मी मनकर्णेजवळ बसलो आणि घड्याळाकडं बघत राहिलो.

दहा मिनिटं झाली. अश्विनी आकडे सांगत होती. पंधरा झाली. तुटलेल्या पात्याचा पंखा आत कसा फिरत असेल कोण जाणे. सतरा. आतून कोणी साहेब काहीतरी विचारत होता. अठराव्या मिनिटाला सगळं शांत झालं. मी डोळे मिटले. गेली पोर पुण्याला, असंच वाटलं.

मग अश्विनी खाकरली आणि म्हणाली, "सॉरी सर, पाणी प्यायले. पुढचं पान बघू."

मी डोळे उघडले तर मनकर्णा माझ्याकडं बघत होती. तिचा हात उठला. बोटं जुळली, उघडली. मी ओरडलो नाही. खिशातून पुडी काढली आणि का कोणास ठाऊक, तिच्यासमोर उलगडली. तिनं चार कण चिमटीत धरले आणि माझ्या अंगावर टाकले, लग्नात टाकतात तसे.

मीठ नव्हतंच कधी. ती आठ दिवस मला सांगत होती, अक्षता तुम्ही टाकल्यात, जा आणि पोरीला सांगा. आणि अश्विनी जवळ असताना तिनं ती खूण एकदाही केली नव्हती. अश्विनीला ती लगेच कळली असती.

पाऊण तासानं दार उघडलं. अश्विनी दारातच टेकून उभी राहिली.

"एकदाही बंद पडला नाही. साहेब म्हणाले, चालू द्या घरूनच." ती तशीच खाली बसली. "काय निघालं हो आबा आत?"

कचरा म्हणणं सोपं होतं. जैनुद्दीनला ती विचारायला थोडीच जाणार होती.

"अक्षता," मी म्हणालो. "मी टाकल्या. खंडेनवमीला, जाळीत. आज जैनुद्दीननं जाळीचं नाव काडलं तवाच कळलं हुतं. भीतीनं बोल्लो न्हाई."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मग तिला माझ्या सदऱ्यावरचे लाल कण दिसले आणि ती पलंगाकडं वळली.

"आई, तुला माहीत होतं?"

मनकर्णेनं पापण्या मिटल्या. म्हणजे हो.

"मग मला का नाही सांगितलंस?"

मनकर्णेचा हात सावकाश उठला आणि बोट माझ्याकडं वळलं. या खुणेचा अर्थ मला अश्विनीला विचारावा लागला नाही.