काळ्या कड्याचं नाव

पाच घरांपैकी चार ओस पडली होती. पाचव्यात थोमासिने राहत होती, तिसरा हिवाळा उलटून गेला तरी एकटीच. बाकीचे सगळे दक्षिणेच्या वस्तीत गेले. तिथे दुकान होतं, चर्च होतं. तिचा मुलगा कयाक, म्हणजे एकट्याची कातडी होडी, घेऊन सीलच्या शिकारीला गेला तो परतला नव्हता, आणि कयाकही कोणाला सापडली नव्हती. "तो आला आणि घरात दिवा नसला तर?" असं ती जाणाऱ्यांना म्हणाली होती. पुढे हे म्हणायलाही समोर कोणी उरलं नाही.

त्या उन्हाळ्यात बर्फ लवकर फुटला आणि खाडीत मोटारबोट शिरली. बोटीत क्रोमान नावाचा डॅनिश नकाशावाला होता, आणि दुभाष्या म्हणून तिचाच भाचा गिदेओन.

"मावशी, जाड झालीस की!"

"तू वाळलास. दुकानातला पाव खाऊन दुसरं काय होणार?"

उत्तरेकडच्या किनाऱ्याची नावं सांगू शकेल असं आता तीच उरली होती. तरुणपणी बायकांच्या मोठ्या कातडी होडीत वल्हं मारत ती तिथवर कितीदा गेली होती. "दोन दिवसांचं काम आहे," गिदेओन म्हणाला. दिव्यात पुरेशी चरबी घालून ती निघाली.

पहिल्या सकाळी तिला काहीच ओळखू येईना. क्रोमान किनाऱ्याकडे हात करी, ती नकारार्थी मान हलवी. गिदेओन वैतागला. "मावशी, विसरलीस का सगळं?"

"मी हे असं कधी पाहिलंच नाही रे." मग ती उठली आणि बोटीच्या पुढच्या टोकाकडे पाठ करून बसली. वल्हं मारणारी बाई पाठमोरीच बसते. किनारा मागे पडेल तसा तिला दिसतो. आता बेटं एकेक करून सुळक्यांमागून बाहेर येऊ लागली आणि नावं आपोआप तोंडात आली. दाढ दुखलेली जागा. उलटी कढई. जिथे सासरा हसला. क्रोमानची पेन्सिल थांबेना. थोमासिनेला कितीतरी दिवसांनी घसा दुखेपर्यंत बोलायला मिळालं. एका खडकाची गोष्ट सांगताना ती इतकी हसली की गिदेओनलाही हसू आवरेना.

दुपारी मोठ्या हिमनदीपलीकडे एक काळा कडा आला, सरळ पाण्यात उतरलेला.

"ह्याचं?" क्रोमानने विचारलं.

थोमासिने आपल्या बुटांकडे बघत राहिली. कड्याचं नाव तुलुगाक, म्हणजे डोमकावळा. तिच्या मुलाचंही तेच नाव होतं. माणूस मेला की त्याचं नाव नव्या बाळाला मिळेपर्यंत कोणी उच्चारायचं नाही, ही तिकडची जुनी रीत. बाप्तिस्मा झाला तरी ती सुटली नव्हती. तीन वर्षं थोमासिने डोमकावळ्यालाही 'तो काळा' म्हणत होती.

"सांग ना, मावशी."

"तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण तू वाट बघतेयस ना त्याची? मग घे की नाव. जिवंत माणसाचं नाव घ्यायला कसली बंदी?"

बोलून झाल्यावर गिदेओनला आपलीच जीभ चावावीशी वाटली. थोमासिनेने तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग मिटलेल्या तोंडाने ती कड्याकडे बघत बसली, तो धुक्यात जाईपर्यंत.

"काय म्हणाल्या त्या?" क्रोमानने विचारलं.

"काही नाही. ही जागा कोरी ठेवा."

"कोरी जागा कचेरीतले लोक ठेवत नाहीत. एखाद्या दर्यासारंगाचं नाव घालतील."

"घालू देत," गिदेओन म्हणाला.

परत आल्यावर ती घरात गेली. मुलाचा कातडी अंगरखा आणि जुना भाला तिने बाहेर आणला, नवऱ्याच्या थडग्याशेजारी ठेवला आणि वर दगड रचू लागली. गिदेओन मदतीला वाकला तर म्हणाली, "राहू दे. हे माझं काम." संध्याकाळ झाली तरी ऊन होतंच. शेवटचा दगड बसवून तिने हात झटकले.

"तुझ्या घरात जागा आहे का रे?"

"आहे, मावशी."

दक्षिणेच्या वस्तीत तिला गिदेओनच्या घरात खिडकीजवळची बैठक मिळाली. लोक प्रेमाने वागत. पण तिची बोली जुनी. पोरं तिच्या शब्दांना हसत. त्या हिवाळ्यात वस्तीत चार बाळं जन्मली. प्रत्येक वेळी ती नवी टोपी शिवून घेऊन गेली, बाळाला मांडीवर घेतलं, आणि कोणी तिच्या मुलाचं नाव मागतंय का याची वाट पाहिली. बाळांना त्यांच्या वारलेल्या आज्या-आजोबांची नावं मिळाली. आपण होऊन नाव पुढे करायची रीत नव्हती.

पाचवं बाळ उन्हाळ्यात होणार होतं, टेकडीपलीकडच्या घरात. त्या लोकांशी तिची ओळख नव्हती. तिने टोपीसाठी सशाचं पांढरं कातडं भिजत घातलं.